फोनातील खासगी कोठार व शेतकऱ्याचे दप्तर

हल्ली जमिनीचे, पिकाचे व पैशाचे पुष्कळसे कागद शेतकऱ्यांच्या हाती फोनावाटे येऊ लागले आहेत. सातबाऱ्याचा उतारा, आठ-अ चा खाते उतारा, फेरफाराची नक्कल, उभ्या पिकाची छायाचित्रे, अडत्याची पट्टी, खताच्या दुकानाची पावती, अशी मोजदाद करू लागल्यास घरच्या पत्र्याच्या पेटीत असतील त्याहून अधिक कागद एकेका फोनात निघतील. परंतु पेटीतला कागद कोठे आहे हे घरातील म्हाताऱ्या माणसासही ठाऊक असते. फोनातला कागद कोठे आहे असे विचारले तर "त्या ॲपात आहे" एवढेच उत्तर मिळते. ह्या उत्तराने कागदाचा ठावठिकाणा लागत नाही. कागद ॲपाच्या खासगी कोठारात असणे आणि तो फोनाच्या सामाईक जागेत असणे ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद ध्यानी न आल्यामुळे पुष्कळांचे कागद कायमचे नाहीसे झाले आहेत. तो भेद उलगडून दाखवावा व आपले दप्तर फोनात कसे लावावे हे सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. पुढील विवेचन मुख्यतः अँड्रॉइड जातीच्या फोनास लागू समजावे. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती तोच असतो.

प्रथम कोठार म्हणजे काय ते पाहू. फोनात नवे ॲप बसविले म्हणजे फोनाची मूळ यंत्रणा त्यास एक स्वतंत्र क्रमांक देते, जसा गावात प्रत्येक खातेदारास खाते क्रमांक असतो तसा. त्या क्रमांकाच्या नावे आतल्या भागात एक खोली राखून ठेवली जाते. २००८ साली अँड्रॉइडचे पहिले फोन बाजारात आले तेव्हापासून हीच रीत चालू आहे. ह्या खोलीत जाण्यायेण्याची मुभा केवळ त्या एका ॲपास असते. दुसऱ्या ॲपास तेथे डोकावता येत नाही. इतकेच नव्हे, तर फोनाचा मालक जो आपण, त्यासही फाइली दाखविणाऱ्या ॲपातून ती खोली दिसत नाही.

ॲपास एखादा कागद ठेवावयाचा झाला म्हणजे ते यंत्रणेस आपल्या खोलीचा पत्ता विचारते. पत्ता मिळाला की त्यापुढे हव्या त्या कप्प्याचे नाव जोडते. ह्या कप्प्यासच फोल्डर म्हणतात. त्या नावाचा कप्पा पूर्वीच असेल तर त्यात, नसेल तर नवा करून त्यात, ते फाइल तयार करते आणि तीत मजकूर लिहिते. कप्प्याच्या पोटात कप्पा असा कितीही खोल पसारा त्यास करता येतो. हे सर्व करण्यास आपली परवानगी लागत नाही, कारण ॲप स्वतःच्याच खोलीत वावरत असते. म्हणूनच "जतन केले" अशी अक्षरे पडद्यावर उमटतात, आपण निश्चिंत होतो, आणि कोठे जतन केले हे विचारावयाचे राहून जाते.

ह्या खोलीलगत आणखी एक तात्पुरती जागा असते, तिला कॅशे म्हणतात. नुसती पाहण्याकरिता उघडलेली चित्रे, अर्धवट उतरविलेल्या फाइली असा माल तेथे पडतो. फोन भरत आला म्हणजे यंत्रणा ही जागा आपण होऊन झाडून काढते. शिवाय बाहेरच्या सामाईक जागेतही ‘अँड्रॉइड’ नावाच्या फोल्डरात ‘डेटा’ म्हणून एक फोल्डर असतो, व त्यात ॲपांच्या नावांचे कप्पे असतात. ते दिसावयास बाहेर असले तरी तेही खासगीच होत. २०२० साली आलेल्या अकराव्या अँड्रॉइडपासून ते इतर ॲपांस बंद झाले आहेत. ह्याउलट ‘डाउनलोड’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ हे फोल्डर व कॅमेऱ्याची छायाचित्रे राहतात तो फोल्डर ही सामाईक जागा. येथे ठेवलेली फाइल कोणत्या ॲपाने ठेवली ह्यास महत्त्व राहत नाही. ते ॲप काढून टाकले तरी फाइल जागच्या जागी राहते.

आता मुख्य मुद्दा. ॲप फोनातून काढले की त्याची खासगी खोली आतल्या सर्व कप्प्यांसह त्याच क्षणी नष्ट होते. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो, म्हणून कचेरीचाच दाखला सुचतो. कारकुनाच्या मेजाला एक खण असतो व त्याची किल्ली त्याच्याचपाशी असते. रोजच्या कामाचे कागद त्यात ठेवण्यास हरकत नाही. परंतु अभिलेख कक्षात जावयाचा कागद कोणी खणात ठेवून बदलीवर गेला, तर पुढील माणसास तो महिनोन्‌महिने सापडत नाही. फोनातील खणाचे तर असे आहे की, कारकून गेला की खणही जाळला जातो. कचेरीत निदान शोधावयास काही उरते.

ह्यावरून खासगी कोठार वाईट असे कोणी समजू नये. बँकेच्या ॲपातील खूण व संकेत खासगी जागेत नसते, तर फोनात आलेल्या कोणत्याही लबाड ॲपाने ते वाचून नेले असते. वस्तू ज्या ॲपाच्या कामाची आहे तोवर ती त्याच्या खोलीत असणेच योग्य. आपले कागद मात्र ॲपाचे नव्हेत, आपले आहेत, व त्यांचे आयुष्य ॲपाहून मोठे आहे.

आमच्या माहितीतील एका बागायतदाराने मोजणीच्या दिवशी हद्दीच्या खुणांची छायाचित्रे कागद टिपण्याच्या एका ॲपातूनच काढली. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळाल्यावर तीही त्याच ॲपात टिपून ठेवली. वर्षभराने फोन मंद चालू लागला, जागा भरल्याच्या सूचना येऊ लागल्या, म्हणून तालुक्याच्या गावी एका दुकानात त्यांनी फोन दिला. दुकानातील मुलाने वापरात नसलेली सात-आठ ॲपे काढून टाकली व फोन हलका करून दिला. त्या मुलाचा ह्यात दोष नाही. जे सांगितले ते त्याने केले. पुढे शेजाऱ्याशी बांधावरून वाद निघाला व खुणेचा एक दगड हललेला आढळला. नकाशाची नक्कल अर्ज करून पुन्हा मिळाली. छायाचित्रे मात्र मिळाली नाहीत, कारण त्यांची प्रत जगात दुसऱ्या कोठेही नव्हती. दगड पूर्वी कोणत्या बाभळीपाशी होता ह्याविषयी आता दोन्ही घरे आपापल्या आठवणी सांगत बसली आहेत.

ह्या गोष्टीत कागदांचे दोन वर्ग आपोआप पडतात. ज्याचे मूळ सरकारदप्तरी आहे तो कागद पुन्हा मिळतो: सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा. थोडा खर्च व हेलपाटे पडतील एवढेच. परंतु ज्याचे मूळ आपणच आहो, म्हणजे आपण काढलेले छायाचित्र, अडत्याने दिलेली पट्टी, बटाईची हातची लिखावट, पाण्याच्या पाळीविषयी भाऊबंदांत झालेला लेखी ठराव, तो गेला की गेला. लोक उलट करतात. सातबाऱ्याच्या दहा प्रती सांभाळतात आणि पट्टी ॲपात सोडून देतात. महसुली कचेरीत कागदाचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवावयाचा, ‘ब’ वर्गाचा ३० वर्षे, आणि ‘ड’ वर्गाचा वर्ष संपले की नष्ट करावयाचा. घरच्या दप्तरासही हीच दृष्टी लावावी. फोनातील प्रत्येक चित्र कायम ठेवण्याच्या लायकीचे नसते, आणि सर्वच ठेवू म्हणणाऱ्याचा फोन भरतो व मग घाईघाईत नको तेच पुसले जाते.

आता कप्पे करण्याची कृती. बहुतेक फोनांत ‘फाइल्स’ किंवा ‘माय फाइल्स’ नावाचे ॲप आधीच असते. ते उघडून फोनाच्या अंतर्गत साठ्यात जावे व तेथे ‘डॉक्युमेंट्स’ हा फोल्डर उघडावा. कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवले म्हणजे ‘नवीन फोल्डर’ असा पर्याय येतो. तो निवडून ‘शेती-दप्तर’ असे नाव द्यावे, व त्याच्या पोटात हवे ते कप्पे करावे. कोणते करावे ह्याविषयी मतभेद संभवतो. आमचे मत असे की, जमिनीचे कागद गटवार लावावे व पैशाचे कागद वर्षवार. जमिनीचा वाद गटाचा असतो, त्यास वर्षांची मर्यादा नाही. आजोबांच्या वेळचा फेरफार आणि कालची मोजणी एकाच ठिकाणी हवी. पट्टी व पावती यांचा उपयोग हिशेबास होतो व हिशेब वर्षाचा असतो. मात्र वर्ष कोणते धरावयाचे ते एकदा ठरवावे. महसुली वर्ष १ ऑगस्टपासून ३१ जुलैपर्यंत, तर आयकराचे व बँकेचे वर्ष १ एप्रिलपासून. दोन्ही एकाच कप्प्यात मिसळली तर घोळ ठरलेला.

नावाच्या बाबतीत एक अडचण हटकून येते. फाइलीस ‘७/१२’ असे नाव देऊ गेल्यास फोन ते घेत नाही. कारण असे की, मधली तिरपी रेघ ही यंत्रणेने कप्पा व त्याच्या पोटातील कप्पा यांची फारकत दाखविण्याकरिता राखून ठेवली आहे. ‘७/१२’ म्हणजे ‘७’ नावाच्या कप्प्यातील ‘१२’ असा अर्थ ती घेईल. म्हणून ‘सातबारा’ असे अक्षरी लिहावे अगर मध्ये आडवी रेघ द्यावी. गटाचा आकडा तीन अंकी लिहावा, जसे गट ९ करिता ‘००९’. नाहीतर पुष्कळ फोनांत ‘१२७’ हा ‘९’ च्या आधी जाऊन बसतो. दिनांक लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. ‘गट-००९-सातबारा-२०२५-०८-१४’ हे नाव दिसावयास लांब असले तरी दहा वर्षांनी नातवासही कळेल. फोन आपण होऊन जी नावे देतो, ती बहुधा नुसती आकड्यांची माळ असते व तीतून काही बोध होत नाही.

दप्तर लावण्याने काय साधते हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी जुन्या लोकांस लखिना पद्धतीविषयी विचारावे. अनिलकुमार लखिना हे १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी असताना त्यांनी तेथील कचेरीचे गठ्ठे, फडताळे व कामाची मांडणी नव्याने बसविली, आणि पुढे त्यांच्या नावाने ती पद्धत इतरत्रही ओळखली जाऊ लागली. आमच्या पिढीचे कारकून सहा गठ्ठ्यांत कागद वाटण्याच्या शिस्तीत वाढले. फोनात गठ्ठा बांधावयास रुमालही लागत नाही.

कप्पे झाले, आता ॲपाच्या खासगी खोलीतील कागद त्यांत आणावयाचा. बाहेरून तेथे जाता येत नसल्यामुळे हे काम त्या ॲपाकडूनच करवून घ्यावे लागते. ॲपात तो कागद उघडावा व ‘शेअर’, ‘एक्सपोर्ट’, ‘डाउनलोड’ किंवा ‘सेव्ह’ असा जो पर्याय असेल तो निवडावा. २०१३ सालच्या अँड्रॉइडपासून यंत्रणेने एक चांगली सोय केली आहे: पुष्कळ ॲपे अशा वेळी ‘कोठे ठेवू?’ असे विचारणारी चौकट उघडतात. त्या चौकटीत आपला ‘शेती-दप्तर’ फोल्डर शोधून तेथे ठेवावे. व्हॉट्सॲपवर आलेल्या पट्टीचेही असेच करावे. ती संभाषणात दिसते म्हणून दप्तरी दाखल झाली असे मानू नये. आणि कागद खरोखर बाहेर आला की नाही ह्याची परीक्षा सोपी आहे. ज्या ॲपातून तो आणला ते न उघडता, ‘फाइल्स’ मधून आपल्या कप्प्यात जाऊन तो उघडून पाहावा. उघडला तर काम झाले.

सातबाऱ्याविषयी एक निराळी सावधगिरी हवी. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. ती स्वाक्षरी कागदावरील सहीसारखी नुसती दिसणारी नसून फाइलीच्या आत गुंफलेली असते. म्हणून आलेली पीडीएफ फाइल आहे तशीच ठेवावी. तिचे पडद्यावरील छायाचित्र काढले, म्हणजे ज्यास स्क्रीनशॉट म्हणतात ते, तर चित्र राहते व स्वाक्षरी जाते. आकार लहान करण्याच्या किंवा पाने जोडण्याच्या ॲपातून फाइल काढली तरी स्वाक्षरी बिघडते. फोन भरू नये म्हणून असे करणारे आम्ही पाहिले आहेत. अशा एका फाइलीने वाचणारी जागा एका छायाचित्राइतकीही नसते.

रानात जाळे नसते तेथे माहिती भरून घेणारी काही ॲपे ती तात्पुरती आपल्या खासगी खोलीत ठेवतात व जाळे मिळाल्यावर वर चढवितात. अशा वेळी मधल्या काळात ती माहिती केवळ आपल्या फोनात असते, सरकारदरबारी नसते. ती पोचल्याची खूण पडद्यावर येईपर्यंत ते ॲप काढू नये, बदलू नये, आणि फोन दुरुस्तीस देऊ नये. पिकाचे किंवा नुकसानीचे छायाचित्र असेल तर फोनाच्या साध्या कॅमेऱ्यानेही एक वेगळे काढून ठेवावे. ते सामाईक जागेत राहते.

ॲपाच्या माहितीच्या पानावर ‘कॅशे साफ करा’ आणि ‘स्टोरेज साफ करा’ किंवा ‘डेटा साफ करा’ अशी दोन बटणे शेजारी-शेजारी असतात. पहिल्याने तात्पुरता केरकचरा जातो. दुसऱ्याने खासगी खोली पूर्ण रिकामी होते, ॲप मात्र जागेवर राहते, त्यामुळे काय गेले हे लगेच लक्षातही येत नाही. फोन हलका करून देतो म्हणणाऱ्यास हा फरक आधी विचारावा.

सामाईक जागेसही दोष आहेच. तेथील कागद परवानगी मिळालेले ॲप वाचू शकते. अकराव्या अँड्रॉइडपासून ‘सर्व फाइलींचा प्रवेश’ ही वेगळी परवानगी झाली आहे. ज्यास फाइली लावण्याचेच काम आहे त्याखेरीज इतरांस ती देऊ नये. विजेरी दाखविणाऱ्या किंवा हवामान सांगणाऱ्या ॲपास आपल्या फाइली कशास हव्यात? आधार व पासबुक यांची चित्रे सामाईक कप्प्यात शक्य तो ठेवूच नयेत. आधारसारखे कागद सरकारच्या डिजिलॉकर ह्या सेवेत पाहता येतात. ती २०१५ मध्ये सुरू झाली असून, तीत सरकारी खात्यांकडून आलेले कागद फोनात नसून दूरच्या सरकारी साठ्यातून येतात; ॲप काढले तरी खाते कायम असते.

दुसरी प्रत फोनाबाहेर हवी, कारण फोन विहिरीत पडला तर खासगी काय आणि सामाईक काय, दोन्ही एकत्रच बुडतात. यंत्रणा ॲपाच्या खासगी माहितीची नक्कल गूगलच्या साठ्यात आपण होऊन ठेवते खरी, पण ती एका ॲपामागे २५ एमबीपर्यंतच, आणि ॲप करणाऱ्याने ती बंद केलेली असू शकते. तिच्यावर विसंबून चालणार नाही. गूगल खात्यास फुकट मिळणारी १५ जीबी जागा टपाल, छायाचित्रे व फाइली ह्या सर्वांत मिळून आहे, तरी शेतीच्या कागदांस ती पुरते. ज्यांस दूरच्या साठ्याचा विश्वास वाटत नाही त्यांनी फोनास जोडता येणारा पेनड्राइव्ह घ्यावा आणि ‘शेती-दप्तर’ हा फोल्डर सबंध उचलून त्यावर नकलावा. कार्डाच्या बाबतीत एक गैरसमज आहे: कार्डावरही ॲपांचे खासगी कप्पे असतात व ॲप काढताच तेही पुसले जातात. कार्डावर आहे म्हणून सुटले असे नव्हे. कार्डावरील आपल्या फोल्डरात असेल तर सुटले.

ॲपलच्या फोनात तत्त्व हेच आहे. ॲपाचे कागद त्याच्या खोलीत राहतात. करणाऱ्याने मुभा ठेवली असेल तर त्यांतील काही ‘फाइल्स’ मध्ये दिसतातही. पण दिसतात म्हणून ते सुरक्षित नव्हेत; ॲप पुसले की ते जातात. तेथे ‘ऑफलोड’ असा एक पर्याय असतो, त्याने ॲप तेवढे निघते व त्याचे कागद मागे राहतात. जागा हवी असेल तर तोच वापरावा.

फोन बदलण्याच्या वेळी विशेष जपावे. जुन्यातून नव्यात सर्व आपोआप जाते असे दुकानदार सांगतात. छायाचित्रे व सामाईक फाइली बहुधा जातात, खासगी खोल्यांतील सर्व काही जाईलच असे नाही. जुना फोन मुलास द्यावयाचा किंवा विकावयाचा असल्यास तो साफ करण्याची घाई करू नये. नव्या फोनात आधी ‘शेती-दप्तर’ उघडावे, गटवार एकेक कप्पा पाहावा, प्रत्येकातील फाइलींची संख्या जुन्याशी ताडावी, आणि आपणच ज्यांचे मूळ आहो असे कागद तर एकेक उघडून वाचावे. मोठ्या खातेदारासही ह्या कामास एक दुपार पुरते. त्यानंतरच जुना फोन साफ करण्यास द्यावा.